मुखपृष्ठे, कथाचित्रे आणि २५ वर्षे: कामातले टप्पे कोणते मानावेत, चित्र सुचते कोठून?

रेषाघर

येत्या दिवाळीत माझे पहिले चित्र छापून आल्याला २५ वर्षे पूर्ण होतील. या काळात मासिकांतील कथांसाठी रेखाटने, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि मुलांच्या पुस्तकांतील चित्रे असे काम खंड न पडता होत गेले. मागच्या महिन्यात दादरला उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांशी गप्पांचा एक कार्यक्रम झाला. तेथे एका मुलीने मला विचारले की कारकिर्दीतले महत्त्वाचे टप्पे कोणते आणि प्रेरणा कोठून मिळते. मी मिळालेली पारितोषिके सांगितली, दोन मोठ्या चित्रकारांची नावे घेतली आणि उत्तर संपवले. परत येताना करी रोडचा पूल उतरत असताना माझ्या लक्षात आले की ज्या प्रसंगांनी माझा हात खरोखर बदलला, त्यांपैकी एकही मी सांगितला नव्हता. ते उत्तर मनाला लागून राहिले आहे, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

पहिला प्रसंग पहिल्याच चित्राचा. एका दिवाळी अंकासाठी मला कथा मिळाली होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर काम गेलेल्या एका कामगाराची ती कथा होती. मी स्वतः लालबागच्या चाळीत वाढलेली, वडील गिरणीत साचेवाले, त्यामुळे हे चित्र आपल्याइतके कोणाला जमणार असा मला विश्वास होता. गिरणीच्या बंद फाटकाशी मान खाली घालून बसलेला माणूस मी काढला. मागे धुराडे, पुढे रस्ता. संपादकांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि परत दिले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की हा माणूस लेखकाने तिसऱ्या परिच्छेदात बसवलेलाच आहे, वाचक तेथे पोचला की त्याला तो दिसणारच आहे. तेव्हा हेच दृश्य पुन्हा काढून चित्राने कथेत कोणती भर घातली ते मी सांगावे. मला सांगता आले नाही.

चार दिवस काहीच सुचले नाही. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फळीकडे लक्ष गेले. वडिलांचा तीन पुडांचा पितळी डबा तेथे होता. संप सुरू झाल्यापासून तो डबा एकदाही घराबाहेर गेला नव्हता, तरी आई दर आठवड्याला तो चिंचेने घासून, पुसून, कडी लावून पुन्हा त्याच जागी ठेवत असे. कडी जेथे वरच्या पुडावर बसते तेथे रोजच्या वापराने एक खोलगट चर पडला होता, आणि मधल्या पुडावर नाव घालून घेतले होते, त्यातले शेवटचे अक्षर पार झिजले होते. मी तो डबा क्रोक्विलने, म्हणजे बारीक निबच्या टाकाने, काढला, फळीची कड काढली, बाकी पान मोकळे सोडले. कथेत डब्याचा उल्लेख कोठेही नव्हता. लेखकांनी अंक आल्यावर संपादकांकडे निरोप ठेवला की हा डबा आपल्याच्याने लिहायचा राहून गेला होता. मी त्या दिवसाला पहिला टप्पा मानते, कारण कथेचे चित्र आणि कथेशेजारचे चित्र यांतला फरक मला तेव्हा कळला.

दुसरा प्रसंग छपाईचा. पहिले रंगीत मुखपृष्ठ करताना मी मुलीच्या चेहऱ्याची बाह्यरेषा संगणकावर गडद तपकिरी ठेवली. पडद्यावर ती सुरेख दिसत होती. छापून आल्यावर चेहऱ्याला दोन रेषा, एक किंचित लालसर आणि एक निळसर. लोअर परळच्या एका औद्योगिक गाळ्यातील छापखान्यात जाऊन मी जरा चढ्या आवाजातच विचारणा केली. तिथल्या यंत्रचालकांनी शांतपणे माझ्या हातात भिंग दिले. माझी ती एक रेषा प्रत्यक्षात निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारही रंगांच्या ठिपक्यांची बनलेली होती, आणि कागद केसभर सरकला तरी चार रेषा चार जागी जाणार हे उघड होते. त्यांनी सांगितले की बारीक रेषा नेहमी एकट्या काळ्या प्लेटवर ठेवावी आणि ती बाकी रंगांच्या वर छापली जाईल अशी सूचना द्यावी, म्हणजे रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, हलले तरी चेहरा शाबूत राहतो. शिक्षण घेताना हे कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर मी ऐकले नव्हते. त्यानंतर माझ्या प्रत्येक मुखपृष्ठाची पहिली प्रत यंत्रावरून उतरताना मी हजर असते.

तिसरा प्रसंग थोडक्यात सांगते, कारण तो अजूनही सलतो. एका प्रकाशनसंस्थेने माझे एका पुस्तकासाठी काढलेले चित्र उलटे फिरवून आणि रंग बदलून दुसऱ्याच पुस्तकावर वापरले. नाव नाही, विचारणा नाही, मानधन नाही. माझ्याकडे लेखी काही नव्हते.

आता प्रेरणेविषयी. लालबाग-परळच्या गणपतींच्या कार्यशाळांमध्ये मी लहानपणी तासन्तास उभी असे. मूर्ती रंगवणारे अनेक असतात, परंतु डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा असतो आणि तो शेवटी येतो. आमच्या गल्लीत येणारे काका मूर्तीसमोर बसल्यावर लगेच कुंचला उचलत नसत. आधी बल्ब हलवून प्रकाश कोठून पडतो ते पाहत, मग आपण उभे राहून दर्शन घेतो तेवढ्या उंचीवरून पाहत, आणि मगच पापणीची वरची रेषा एका श्वासात ओढत. बुबुळ मध्यभागी न ठेवता किंचित खाली ठेवत, त्यामुळे मूर्ती समोरच्या माणसाकडे पाहते आहे असे वाटे. बघणारा कोठे उभा राहणार याचा विचार चित्र सुरू करण्याआधी करायचा असतो, हे मी त्यांच्याकडून घेतले. पुस्तकाच्या दुकानात मुखपृष्ठ आडवे ठेवलेले असेल की उभे, हा प्रश्न मी आजही आधी विचारते.

दुसरा झरा लोकलचा. महिलांच्या डब्यात गेली अनेक वर्षे मी हाताच्या पंज्याएवढ्या वहीत रेखाटने करते. चेहरे सहसा काढत नाही. कोणाकडे टक लावून पाहणे बरे नव्हे आणि गाडी हलत असताना चेहरा साधतही नाही. हात काढते. कडीला धरलेले, मटार सोलणारे, गजरा गुंफणारे, झोपलेल्या मुलाच्या डोक्याखाली दिलेले हात. चिंचपोकळी ते भायखळा एवढ्या अंतरात एक हात पुरा झाला पाहिजे, हा नियम मी घालून घेतला आहे.

तिसरे म्हणजे जुनी छापील चित्रे. एम. व्ही. धुरंधरांनी १९१२ च्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या एडवर्ड्स यांच्या पुस्तकासाठी या शहरातली माणसे काढली, ती चित्रे पाहताना पागोट्याचा प्रत्येक पेच आणि लुगड्याचा प्रत्येक काष्टा वेगळा ओळखू येतो. ज्यांना आपल्या कामातील टप्पे आणि आपले झरे सांगावेसे वाटतात, त्यांनी येथे अवश्य लिहावे.

खटाववाडीतला खिळा

रेषाघरताई, आपण छापखान्याचा प्रसंग लिहिलात म्हणून लिहितो. मी गिरगावात खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत ३० वर्षे काढली. आजच्या मुलांना कल्पना येणार नाही, पण मराठी मासिकांतल्या ज्या रेषेचे आपण कौतुक करतो, तिच्या घडणीत ब्लॉकचा मोठा वाटा आहे. खिळ्यांच्या यंत्रावर चित्र छापायचे तर त्याचा धातूचा ठसा, म्हणजेच ब्लॉक, लागे. नुसत्या रेषेच्या चित्राचा ठसा जस्ताच्या पत्र्यावर होई. चित्राचा फोटो पत्र्यावर उतरवायचा आणि रेषा सोडून बाकीचा भाग नायट्रिक आम्लाने खायला लावायचा. मग तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्याच्या उंचीला, म्हणजे साधारण २३.३ मिलिमीटरला, आणायचा. उंची कागदाच्या जाडीइतकी जरी कमी पडली तरी खालून कागदाचे कपटे लावत बसावे लागे.

छायेचे चित्र असेल तर जाळी लावून हाफटोन, म्हणजे छाया ठिपक्यांत फोडलेला ठसा, करावा लागे, आणि तो महाग पडे. वर्तमानपत्री कागदावर इंचाला ६५ ओळींची जाडी जाळी, आर्ट पेपरवर १३३ पर्यंत बारीक. मासिकाचा आतला कागद साधा असल्याने बारीक जाळीत शाई भरून चित्र काळवंडत असे. तेव्हा संपादक चित्रकाराला आधीच सांगत की पेन्सिलची छाया नको, काळी शाई आणि पांढरा कागद यांतच काय ते करा. शिवाय ब्लॉकचा दर चौरस इंचावर असे. चित्र लहान पण बोलके हवे, ही मागणी पुष्कळदा हिशेबाच्या वहीतून येत असे. चित्रकार छापायच्या मापाच्या दीडपट काढत आणि आम्ही ते कमी करून घेत असू, त्यात हाताची थरथर झाकली जाई. मात्र फार जवळ ओढलेल्या रेषा कमी केल्यावर एकमेकींना चिकटत. अनुभवी चित्रकाराची मूळ प्रत पाहिली की रेषांमध्ये मुद्दाम ठेवलेली हवा दिसत असे.

माझ्यापाशी असे काही जुने ठसे अजून आहेत. छापखाना बंद झाला तेव्हा भंगारात जाणार होते, ते मी घरी आणले.

सोनचाफा

धागा उत्तम आहे, परंतु एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे आणि ते आदरपूर्वक मांडते. चित्राने कथेच्या शेजारी बसावे, मागे राहावे, कमी बोलावे, हा एका परंपरेचा आग्रह आहे. मराठी मुखपृष्ठाची दुसरी परंपरा अशी आहे की ज्यात चित्रच आधी बोलते. मी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या दादरच्या वाचनालयात वाढलेली वाचक आहे, आणि माझ्या लहानपणी दिवाळी अंक हातात घेताना आम्ही आधी मुखपृष्ठ पाहत असू, लेखकांची नावे नंतर. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, त्यानंतर पुढच्या काळात या अंकांनी चित्रकाराला जेवढी मोठी भिंत दिली तेवढी दुसऱ्या कोणी क्वचितच दिली असेल.

दीनानाथ दलालांचेच पाहा. १९४५ मध्ये त्यांनी स्वतःचा 'दीपावली' काढला. चित्रकार स्वतःच संपादक झाला की चित्र मजकुराच्या पाठीमागे उभे राहत नाही, हे त्या अंकांवरून स्पष्ट दिसते. त्यांच्या नायिकेच्या मानेचा कल, पदराची पडण, रंगांची ती धीट सपाट पातळी, ही कोणत्याही कथेची सोबत नव्हती. लोक ती चित्रे कापून, चौकटीत घालून भिंतीवर लावत. रघुवीर मुळगावकरांनी फवाऱ्याच्या तंत्राने त्वचेला आणि दागिन्यांना जी तकाकी आणली, तिच्यावर नंतर फार गोड असल्याची टीका झाली, आणि ती मला काही अंशी पटतेही. तरीसुद्धा त्यांचे गणपती आणि लक्ष्मी आमच्या घरातल्या दिनदर्शिकांवरून कधी उतरले नाहीत. आपला डबा मला फार आवडला, रेषाघर. पण दलालांची नायिका पाहून चित्रकार व्हावेसे वाटलेल्या मुलीला तो प्रेरणेचा झरा कमी प्रतीचा आहे असे वाटू नये, एवढेच सुचवायचे आहे.

रेषाघर

सोनचाफा, आपला आक्षेप मला मान्य आहे आणि त्यासाठी आभार मानते. खरे म्हणजे मी पहिल्यांदा चित्र काढले ते दलालांच्या एका मुखपृष्ठावर पारदर्शक कागद ठेवून, गिरवून. मान किती अंशात कलते ते मी कोनमापकाने मोजले होते. मुखपृष्ठ आणि आतले कथाचित्र ही दोन वेगळी कामे आहेत, हे मी वर नीट वेगळे करायला हवे होते. मुखपृष्ठाला दुकानात दहा फुटांवरून हाक मारायची असते. आतले चित्र वाचकाच्या हातात, एका हाताच्या अंतरावर असते. पहिल्यात मी अजूनही दलालांकडे जाते, दुसऱ्यात वसंत सरवट्यांकडे. सरवट्यांची पुस्तकांतली रेखाटने पाहिली की माणूस कसा उभा राहतो, कसा खुर्चीच्या कडेवर टेकतो, यातूनच त्याचा स्वभाव कळतो; चेहऱ्यावर त्यांना फारसे काही लिहावे लागत नाही.

खिळेकाका, रेषांमधली हवा ही गोष्ट मी आयुष्यभर चवीचा प्रश्न समजत आले होते. ती आम्लाच्या टाकीतून आली आहे हे आज कळले.

शिकाऊ कुंचला

ताई, मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्या दिवशी दादरला प्रश्न विचारणारी मुलगी मीच. एवढे सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. दोन अडचणी विचारते. पहिली अशी की संदर्भासाठी फोन उघडला की एका विषयावर हजार चित्रे समोर येतात, आणि ती पाहून झाल्यावर माझ्या कागदावर त्या हजारांची सरासरी उतरते. माझी रेषा कोणती, तेच कळेनासे होते. दुसरी अडचण घरची आहे. वडील म्हणतात की आधी नोकरी धर, चित्रे सुट्टीच्या दिवशी काढ. मला भीती वाटते की नोकरी धरली की हात जाईल.

रेषाघर

बाळ, दुसरी अडचण आधी घेते, कारण तिला ठोस उत्तर आहे. आत्ताच ज्यांचे नाव घेतले ते वसंत सरवटे स्थापत्य अभियंता होते आणि सिमेंट कंपनीत नोकरी करत होते. 'ललित' मासिकात जयवंत दळवी ठणठणपाळ या टोपणनावाने सदर लिहीत, त्या ठणठणपाळाला चेहरा त्यांनीच दिला. नोकरीने त्यांचा हात गेला नाही. आर. के. लक्ष्मण यांना ज्या कलाशाळेत शिकायचे होते तेथे प्रवेश नाकारला गेला, ही गोष्ट तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मी पहिली सहा वर्षे एका जाहिरात संस्थेत औषधांच्या खोक्यांचे आराखडे करत होते, आणि अक्षर आणि चित्र यांच्यात किती मिलिमीटर जागा सोडायची याचे भान मला त्या खोक्यांनी दिले. तुमच्या वडिलांची काळजी रास्त आहे. नोकरी धरताना एवढेच पाहा की घरी पोचल्यावर डोळे उघडे राहतील इतके तास ती तुम्हाला मोकळे सोडते की नाही.

पहिल्या अडचणीवर मी जे करते ते सांगते. कथा आली की तीन दिवस मी एकही चित्र पाहत नाही, फोनवरचेही नाही आणि आवडत्या चित्रकारांचेही नाही. कथा दोनदा वाचते आणि त्यातल्या वस्तूंची यादी करते, मग त्या वस्तू प्रत्यक्ष जाऊन पाहते. मागे एका कथेत कोळणीची पाटी होती. मी पहाटे साडेपाचला ससून डॉकवर गेले. पाटी डोक्यावर घेतल्यावर मान ताठ राहते आणि तोल सगळा कमरेतून सांभाळला जातो, बोलताना फक्त डोळे वळतात. चुंबळ कपाळाच्या किती वर बसते, पाण्याचा ओघळ कोणत्या बाजूने पाठीवर उतरतो, हे कोणत्याही छायाचित्रात मला सापडले नसते, कारण तेथे काय शोधायचे हेच मला आधी माहीत नव्हते. चौथ्या दिवशी कच्ची रेखाटने झाली की मग हवी तेवढी चित्रे पाहावीत. तोपर्यंत तुमच्याकडे तुमचे असे काहीतरी झालेले असते, त्यामुळे दुसऱ्याचे काम शिकवते, बुडवत नाही.

कायदेकानू

रेषाघर यांनी तिसरा प्रसंग दोन ओळींत संपवला, पण नव्या चित्रकारांसाठी तो महत्त्वाचा आहे. मी या विषयात वकिली करतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक सामान्यतः चित्रकार असतो. मात्र त्याला अपवाद आहेत. नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, तसेच कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेले रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र, यांत उलट करार नसेल तर मालकी काम देणाऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून 'आपल्यात कसले कागद' असे म्हणू नये. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर तो करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. साध्या ईमेलमध्ये तरी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणते पुस्तक, कोणती आवृत्ती, किती वर्षे, आणि दुसरीकडे वापरायचे झाल्यास पुन्हा विचारणा.

कलम ५७ हे वेगळे आहे. हक्क विकल्यानंतरही आपण या चित्राचे कर्ते आहोत असे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतो, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी चित्राची मोडतोड झाल्यास दाद मागता येते. चित्र उलटे फिरवून, रंग बदलून, नाव गाळून वापरणे या प्रकारात हे कलम नक्कीच तपासून पाहण्यासारखे आहे.

रेषाघर

आभारी आहे. त्या प्रसंगानंतर मी कामाआधी एक पानी मराठी पत्र पाठवू लागले. पहिल्या वर्षी दोन कामे त्यामुळे हातची गेली. नंतर कोणी तक्रार केली नाही. उलट काही प्रकाशकांनी तोच मसुदा इतर चित्रकारांसाठी मागून घेतला. टप्प्यांमध्ये हे पत्रही धरायला हवे.

शिकाऊ कुंचला

ताई, आपण सांगितल्याप्रमाणे केले. अभ्यासाला मिळालेल्या कथेत शिवणयंत्र होते. तीन दिवस काही पाहिले नाही आणि आमच्या खालच्या मजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या काकूंकडे जाऊन बसले. यंत्राच्या चाकावर जेथे त्या तळहात टेकवतात तेथला काळा रंग गेला आहे आणि खालचे लोखंड आरशासारखे चकचकीत झाले आहे. चित्रात फक्त तेवढे चाक घेतले आहे. सरांनी विचारले की बाई कोठे आहे. मी सांगितले की तिचा हात आत्ताच उचलला गेला आहे.

एक विचारायचे राहिले. क्रोक्विल माझ्या कागदात अडकते आणि शाईचे शिंतोडे उडतात.

रेषाघर

चाकाची कल्पना फार चांगली आहे. क्रोक्विलला वर ढकलू नका, स्वतःकडे ओढा, आणि वळण आले की हात वळवण्याऐवजी कागद फिरवा. नव्या निबवर तेलाचा थर असतो, तो काढल्याशिवाय शाई धरत नाही. ओल्या फडक्यावर किंचित साबण घेऊन पुसला तरी पुरे. कागद गुळगुळीत घ्या, खरखरीत जलरंगाचा नको.

खिळेकाका, आपल्याकडचे ठसे पाहायला मिळतील का? आपली परवानगी असेल तर या मुलीलाही सोबत आणीन.

खटाववाडीतला खिळा

जरूर या. एकूण ४० एक ठसे आहेत, काहींच्या लाकडाला वाळवी लागली आहे, पत्रे मात्र ठीक आहेत. त्यात एक बाई कंदील धरून उभी आहे, तो ठसा कोणाच्या हातचा आहे ते मला कधीच कळले नाही, खाली सही नाही. रेषा पाहून आपल्याला कदाचित ओळखता येईल. घरी येण्याची खूण निरोपातून कळवतो.

रेषाघर

रविवारी सकाळी अकराला आम्ही दोघी येतो. छोटा रूळ, काळी शाई आणि पातळ कागद मी घेऊन येते, म्हणजे कंदीलवाल्या बाईचा एक ठसा तेथेच काढून पाहता येईल.